कौलें व लाद्या यांचा हिशेब

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं मोठमोठ्या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. धर्मग्रामाचा इतिहास, शिक्षणाची प्रगति, तरुणांचीं कर्तव्यें हे विषय माझ्याहून अधिक अधिकारी वक्त्यांकडे सोंपविलेले आहेत. मजकडे जो विषय आला आहे तो ऐकून कित्येकांस हंसूं येईल. एखादी जागा झांकावयास किती कौलें अगर किती लाद्या लागतील, हें कसें काढावें, एवढाच तो विषय आहे. परंतु ज्यानें स्वतःच्या कमाईनें घर बांधलें आहे, किंवा देवमंदिराच्या दुरुस्तीसाठीं जमविलेल्या वर्गणीचा हिशेब ज्याला चारचौघांपुढें द्यावा लागला आहे, तो हंसणार नाहीं असें मला वाटतें.

लग्न पाहावें करून आणि घर पाहावें बांधून, ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं उगाच केलेली नाहीं. लाद्या कमी पडल्या तर काम अडतें, गवंडी दुसऱ्या कामावर निघून जातो, आणि मागाहून आणलेल्या लाद्यांचा रंग पहिल्यांशीं जुळेलच असा भरंवसा नसतो. एका वेळीं भाजलेला माल व दुसऱ्या वेळीं भाजलेला माल यांत छटेचा फरक राहतो. म्हणूनच हल्लींच्या कारखान्यांच्या खोक्यांवर मालाच्या तुकडीचा व छटेचा आंकडा छापलेला असतो. उलट लाद्या फार उरल्या, तर त्या मागच्या पडवींत पडून राहतात आणि दर नाताळच्या झाडलोटीच्या वेळीं आपले वायां गेलेले पैसे आपणांस दाखवितात.

हीं दोन नुकसानें सर्वांस ठाऊक आहेत. तिसरें नुकसान त्यांहून मोठें आहे. मालक मनाशीं एक हिशेब करतो, गवंडी दुसरा आंकडा सांगतो, दोहोंत अंतर पडलें कीं मालकाच्या मनांत येतें, “हा माणूस माल पळवितो आहे.” पुढें तें मन घरांतून शेजारीं जातें, शेजारून वाडींत जातें, आणि ज्याची भाकरी त्याच्या नांवावर अवलंबून आहे अशा एका कारागिराचें नांव जातें. गवंड्यांत लबाड माणसें नसतात असें मी म्हणत नाहीं. परंतु पुष्कळ ठिकाणीं आंकड्यांतील अंतर लबाडीचें नसून गणिताचें असतें, हें आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम शाळेंत शिकविलेली रीति घेऊं. जागेची लांबी व रुंदी यांचा गुणाकार करावा, म्हणजे क्षेत्रफळ येतें. त्यास एका लादीच्या क्षेत्रफळानें भागावें, म्हणजे लाद्यांची संख्या येते. आपल्या जुन्या घरांत जी रंगीत सिमेंटची लादी दिसते ती बहुधा ८ इंच लांब व ८ इंच रुंद असते. तिचें क्षेत्रफळ ६४ चौरस इंच. एका चौरस फुटांत १४४ चौरस इंच असतात. म्हणून एका चौरस फुटास सव्वादोन लाद्या लागतात. शंभर चौरस फुटांस आपले कारागीर एक ब्रास म्हणतात. तेव्हां एका ब्रासास २२५ लाद्या. खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद असेल, तर १२० चौरस फुटांस २७० लाद्या लागतील. तीच गोष्ट ओळींनीं मोजून पाहा. १२ फूट म्हणजे १४४ इंच, त्यांत ८ इंचांच्या १८ लाद्या बसतात. १० फूट म्हणजे १२० इंच, त्यांत १५ ओळी बसतात. १८ गुणिले १५ म्हणजे २७०. दोन्ही रीतींचें उत्तर एकच आलें. येथपर्यंत मालक व गवंडी यांत वाद होण्याचें कारण नाहीं.

पण खोल्या पाठ्यपुस्तकांत जशा असतात तशा आपल्या घरांत नसतात. खोली ११ फूट ३ इंच लांब व ९ फूट ५ इंच रुंद आहे असें समजा. म्हणजे १३५ इंच व ११३ इंच. गुणाकार १५,२५५ चौरस इंच. त्यास ६४ नें भागलें तर २३८ हून थोडें अधिक येतें; म्हणून मालक २३९ लाद्या आणावयास सांगतो. गवंडी म्हणतो, “साहेब, २५५ लागतील, आणि तुटफूट वेगळी.” सोळा लाद्यांचें हें अंतर कोठून आलें?

गवंडी कसें मोजतो तें पाहूं. लांबीच्या बाजूनें १३५ इंचांत १६ पूर्ण लाद्या बसतात आणि ७ इंच उरतात. तेवढ्यासाठीं सतरावी लादी घेऊन तिचा एक इंचाचा कांठ कापून टाकावा लागतो. ती एक इंचाची चिंधोटी पुढें कोठें कामास येत नाहीं. रुंदीच्या बाजूनें ११३ इंचांत १४ पूर्ण लाद्या बसून एक इंच उरतो. भिंतीशीं एक इंचाची पट्टी बसविणें कोणताहि चांगला कारागीर पसंत करीत नाहीं. ती ओबडधोबड दिसते आणि लवकर फुटते. म्हणून तो मधल्या १३ लाद्या पूर्ण ठेवतो आणि उरलेले ९ इंच दोन्ही भिंतींशीं साडेचार-साडेचार इंच असे वांटून देतो. आतां आठ इंचांच्या लादींतून साडेचार इंचांचा एकच तुकडा निघतो. उरलेला साडेतीन इंचांचा तुकडा समोरच्या भिंतीशीं पुरत नाहीं. म्हणजे तेरा पूर्ण लाद्या व दोन कापलेल्या, मिळून पंधरा ओळी. १७ गुणिले १५ म्हणजे २५५. गवंड्यानें एकहि लादी अधिक सांगितलेली नाहीं.

यांतील मर्म एका वाक्यांत सांगतां येईल. कापलेल्या लादीचा प्रत्येक तुकडा कोठें तरी बसतोच, असें क्षेत्रफळाची रीति मुकाट्यानें गृहीत धरते. आणि तसें प्रत्यक्षांत क्वचितच होतें. म्हणून नियम असा ठेवावा कीं क्षेत्रफळानें फक्त अंदाज करावा आणि मागणी ओळी मोजून द्यावी. प्रत्येक बाजूस किती लाद्या लागतात तें काढतांना अपूर्णांक आला कीं तो पुढील पूर्ण अंकापर्यंत वाढवावा, आणि मगच गुणाकार करावा. कापून उरलेला तुकडा निम्म्याहून मोठा असेल व लादी साधी, नक्षीशिवाय असेल, तर तो दुसरीकडे चालेल काय, हें गवंड्यास विचारून तेवढ्या लाद्या वजा कराव्या. नक्षीची लादी असेल तर ती आशा धरूं नये, कारण तुकड्यावरचें फूल दुसऱ्या बाजूच्या फुलाशीं जुळत नाहीं.

आतां हल्लींच्या मोठ्या लाद्यांकडे वळूं. बाजारांत जिला “दोन बाय दोन” म्हणतात ती लादी खरोखर दोन फुटांची नसते. ती ६० सेंटिमीटरांची असते, आणि दोन फूट म्हणजे ६०.९६ सेंटिमीटर. एका लादींत एक सेंटिमीटरहि कमी नाहीं, मग त्याची काय मातब्बरी, असें वाटेल. परंतु ४० फूट लांब व २० फूट रुंद असें एक सभागृह घ्या. बोलण्यांतल्या मापानें २० गुणिले १०, म्हणजे २०० लाद्या. खरें माप पाहा. ४० फूट म्हणजे १,२१९.२ सेंटिमीटर, त्यांत २० लाद्या बसून १९ सेंटिमीटरांहून थोडी अधिक जागा उघडी राहते, म्हणून २१ लागतात. २० फूट म्हणजे ६०९.६ सेंटिमीटर, त्यांत १० लाद्या बसून साडेनऊ सेंटिमीटरांची पट्टी राहते, म्हणून ११ ओळी लागतात. दोन्ही बाजूंस सारखे कांठ ठेवून काम केलें तर २१ गुणिले ११, म्हणजे २३१ लाद्या हव्यात. दोनशें आणणाऱ्याला एकतीस कमी पडल्या, आणि त्याहि सगळ्या भिंतीलगतच्या, म्हणजे काम संपत आलें असतां! खोक्यांत चार लाद्या येतात असें धरलें, आणि तुटफुटीसाठीं शेंकडा पांच, म्हणजे १२ अधिक घेतल्या, तर २४३ लाद्यांस ६१ खोकीं लागतात. पन्नास खोक्यांची वर्गणी जमवून काम सुरू करणाऱ्या मंडळीस अकरा खोक्यांसाठीं पुन्हा दारोदार जावें लागतें, आणि दुसऱ्या खेपेस लोक विचारतात कीं पहिले पैसे कोठें गेले. या प्रश्नाचें उत्तर आधींच तयार ठेवणें हें मंडळीचें कर्तव्य आहे.

जमिनीचें इतकें झालें. आतां छपराकडे पाहूं. येथें चूक झाली तर ती अधिक महाग पडते, कारण छपराला पावसाळ्याची मुदत असते.

आपल्या किनाऱ्यावर पूर्वीं नळीचीं कौलें घालीत, आणि दरवर्षीं मृगापूर्वीं घरें शाकारावीं लागत. खांचांनीं एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची युक्ति इ. स. १८४१ मध्यें आल्सेस प्रांतांतील जिलार्दोनी बंधूंनीं काढली. तशा पद्धतीच्या कौलांचा कारखाना बाझल मिशननें इ. स. १८६५ मध्यें मंगळूर येथें घातला. नेत्रावती व गुरपूर या नद्यांच्या कांठची माती कामास आली, आणि तीं कौलें समुद्रमार्गें मुंबईकडे येऊं लागलीं. तेव्हांपासून “मंगलोरी कौल” हें नांव घरोघर झालें.

मंगलोरी कौल सुमारें १६ इंच लांब व सव्वानऊ इंच रुंद असतें. म्हणजे १४८ चौरस इंच. परंतु हें सगळें कौल छप्पर झांकीत नाहीं. त्याचा वरचा भाग वरल्या कौलाखालीं जातो आणि एका बाजूचा कांठ शेजारच्या कौलाखालीं जातो. जेवढा भाग उघडा दिसतो तेवढाच आपल्या हिशेबाचा. तो कौलाच्या घडणीप्रमाणें थोडा कमीअधिक असतो. म्हणून पुस्तकांतील आंकड्यावर न विसंबतां, विकत घेण्यापूर्वीं कांहीं कौलें सपाट जमिनीवर एकांत एक अडकवून मांडावीं. अकरा कौलें आडवीं मांडून एका कौलाच्या कांठापासून दहा कौलांपुढील त्याच कांठापर्यंतचें अंतर मोजावें आणि दहानें भागावें. उभ्या दिशेनेंहि तसेंच करावें. समजा, आडवें माप ८ इंच व उभें माप साडेबारा इंच निघालें. गुणाकार १०० चौरस इंच, म्हणजे कौलाचे जवळजवळ दोन-तृतीयांशच कामास आले. अशा मापानें एका ब्रासास १४४ कौलें लागतात. अख्ख्या कौलाचें माप धरणाऱ्याच्या हिशेबांत मात्र ९८ च येतात.

दुसरी गोष्ट छपराच्या उताराची. वळचणीपासून वळचणीपर्यंत घर ३२ फूट लांब व २४ फूट रुंद आहे, आणि आढें वळचणीहून ९ फूट उंच आहे असें समजा. जमिनीवर पडणारी छपराची छाया ७६८ चौरस फूट. परंतु कौलें छायेवर घालावयाचीं नसून पाख्यावर घालावयाचीं आहेत. अर्धी रुंदी १२ फूट व उंची ९ फूट. काटकोन त्रिकोणाच्या नियमाप्रमाणें १२ चा वर्ग १४४ व ९ चा वर्ग ८१ मिळून २२५, आणि त्याचें वर्गमूळ १५. म्हणून प्रत्येक पाखें १५ फूट उतरतें, आणि दोन्ही पाख्यांचें क्षेत्रफळ ९६० चौरस फूट होतें. छायेपेक्षां सव्वापट. घर चौपाखी असलें आणि चारी बाजूंचा उतार सारखाच असला, तरी क्षेत्रफळ तेंच ९६० राहतें. मात्र कोनाकोनांवर कौलें तिरपीं कापावीं लागत असल्यामुळें नासधूस वाढते.

आतां ओळी मोजूं. ३२ फूट म्हणजे ३८४ इंच. ८ इंचांप्रमाणें एका ओळींत ४८ कौलें. १५ फूट म्हणजे १८० इंच; साडेबारा इंचांनीं भागलें तर १४ ओळी होऊन ५ इंच उरतात. येथें मालकानें सुताराबरोबर बसून ठरवावें: वळचण पांच इंच आंत घेऊन १४ ओळी ठेवाव्या, कीं ती साडेसात इंच पुढें नेऊन १५ ओळी कराव्या? दोहोंत ९६ कौलांचा फरक आहे. भिंतीवर पागोळ्या पडूं नयेत म्हणून वळचण पुढें नेणें आपल्या मुलखांत शहाणपणाचें. परंतु हा निर्णय वासे कापण्यापूर्वीं झाला पाहिजे. पंधरा ओळी धरल्या तर एका पाख्यास ७२०, दोहोंस १,४४० कौलें. आढ्यावरचीं कौलें वेगळीं मोजावीं. त्यांतील एक कौल १५ इंच जागा झांकीत असेल, तर ३८४ इंचांस २६ लागतील.

ज्यानें छायेचें क्षेत्रफळ धरलें आणि कौलाचें अख्खें माप धरलें, त्याच्या कागदावर ७४८ कौलें येतील. लागणार १,४४०. म्हणजे आषाढ तोंडावर आला असतां निम्मे छप्पर उघडें! अशा वेळीं सुतारावर रागावून काय उपयोग? त्यानें एकहि कौल खाल्लेलें नसतें.

वर्तुळाकार जागेविषयीं थोडें सांगतों, कारण वेदीमागची जागा पुष्कळ ठिकाणीं अर्धवर्तुळाकार असते. तिची त्रिज्या १२ फूट असेल, तर क्षेत्रफळ सुमारें २२६ चौरस फूट होतें, आणि आठ इंचांच्या ५०९ लाद्या येतात. तिच्याभोंवतीं काढलेला काटकोन चौकोन २४ फूट व १२ फूट, म्हणजे २८८ चौरस फूट; त्याच्या ६४८ लाद्या. खरी संख्या या दोहोंमध्यें असते. ती काढण्याची सोपी रीति अशी: चौकटींच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक लादी असें धरून तें अर्धवर्तुळ काढावें, आणि त्याच्या रेषेनें स्पर्श केलेली प्रत्येक चौकट पूर्ण मोजावी. आपल्या शाळेंतील मुलांस हें काम द्यावें. तीं तें आनंदानें करतील आणि गणित कशासाठीं असतें हेंहि त्यांना कळेल.

आणखी दोनतीन सूचना. बारीक खांबांची जागा वजा करूं नये. तेथें लादी कापावी लागते, वांचत नाहीं. दारांच्या उंबरठ्याची जागा विसरूं नये. खोलीचे चारी कोन गुण्या लावून तपासावे आणि दोन्ही टोंकांची रुंदी मोजावी. जुन्या भिंती क्वचितच समांतर असतात, आणि हिशेबास मोठें माप धरावें. तिरप्या मांडणीस शेंकडा दहा तरी अधिक घ्याव्या. सरळ मांडणीस शेंकडा पांच पुरतात.

आणि काम संपल्यावर उरलेला थोडा माल विकून टाकूं नये. इ. स. २०२० च्या ३ जून रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां असंख्य घरांचीं कौलें व पत्रे उडाले. अशा दिवशीं ज्याच्या पडवींत जुन्या घडणीचीं पन्नास-साठ कौलें रचलेलीं असतात तो भाग्यवान. कारण एका कारखान्याच्या कौलाची खांच दुसऱ्याच्या कौलाशीं जुळत नाहीं, आणि मंगळूरकडच्या पुष्कळ भट्ट्या गेल्या कांहीं दशकांत बंद पडल्या आहेत. म्हणून तुटफुटीसाठीं घेतलेले शेंकडा पांच म्हणजे उधळपट्टी नव्हे. ती पुढच्या पिढीची बेगमी आहे.

शेवटीं एकच विनंति. हा हिशेब मालकानें एकट्यानें करूं नये आणि गवंड्यावर एकट्यावरहि सोंपवूं नये. काम सुरू होण्यापूर्वीं दोघांनीं एका कागदावर जागेचा आराखडा काढावा, ओळी मोजाव्या, तुटफूट ठरवावी, आणि तो कागद दोघांपाशीं ठेवावा. काम देवमंदिराचें असेल तर तो सूचनाफलकावर लावावा, म्हणजे जिनें भाजीच्या पैशांतून दहा रुपये दिले तिलाहि आपले दहा रुपये कोणत्या ओळींत बसले तें पाहतां येईल. मनोरा बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्च मोजावा, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आपण सर्वांनीं ऐकलेला आहे. बसून मोजण्यास अर्धा तास लागतो. न मोजल्यामुळें मालक व कारागीर यांच्यांत जी अढी बसते, ती काढावयास कधीं कधीं सारा जन्म पुरत नाहीं.